येऊन राहिले

सास्काटूनहून मृण्मयीचा फोन.
तिथे रात्रीचे नऊ, इथे पोह्यांची वेळ.
म्हणते, आई, घरमालकीण म्हणाली
बाहेर निघालीस तर बनीहग घाल,
आणि मी पलंगाखाली वाकून ससा शोधला!
निघाला काय, तर टोपीचा स्वेटर.
पोटावर एकच खिसा,
दोन्ही हात आत जाऊन एकमेकांना भेटतील असा.
शेजारच्या प्रांतात हा शब्द काढला
तर तिथलेही हसतात म्हणे.

कॉफीच्या दुकानात नुसतं डबल डबल म्हणायचं,
दोन साखर, दोन साय, पुढे काही विचारत नाहीत.
परवा हिचाच पाय एका म्हाताऱ्याच्या पायावर पडला
आणि सॉरी तो म्हणाला.
मग ही म्हणाली. मग परत तो.
मागची रांग मुकाट उभी.

मी फोन खांद्याशी दाबून
पोह्यांवर जिरावण भुरभुरते
आणि हसते, जरा जास्तच.

कारण सांगलीहून मी या रामबागेत आले
तेव्हा तिसऱ्याच दिवशी पोट बिघडलं.
सासरे म्हणाले, सूनबाईंना शिकंजी आणा.
मला वाटलं, चला, लिंबू, मीठ, साखर.
आलं ते आटवलेलं दूध,
केशर, बेदाणे, चमचा उभा राहील इतकं दाट.
नव्या सुनेनं नको कसं म्हणायचं?
प्यायले.
पुढचं कवितेत सांगण्यासारखं नाही.

त्याच आठवड्यात कुमुदवन्स गॅलरीतून ओरडल्या,
अगं, बुळेकाका येऊन राहिले!
येऊन राहिले म्हणजे राहिलेच की.
मी माळ्यावरची गादी काढली,
उशीला धुतलेला अभ्रा,
कणकेत चार मुठी वाढवल्या.
काका आले, उभ्यानंच चहा घेतला,
ह्यांना म्हणाले, चल भिया, निघू,
आणि गेले.
गादी दिवसभर तशीच अंथरलेली,
जो येईल तो तिच्याकडे बघून हसे.
येऊन राहिले म्हणजे येतायत,
एवढं कुणी मला त्या दिवशी सांगितलं नाही.
सगळ्यांना वाटलं, ही मराठीच आहे ना, कळेल.

नंतर कधी लागलं हे वळण, आठवत नाही.
एकदा दूधवाल्याला म्हटलं, क्या भिया, आज देर?
त्यानं न बोलता माप वर आणखी एक धार सोडली.
आणि माहेरी गेले तेव्हा
स्वयंपाकघरातून ओरडले,
आई, दूध उतू जाऊन राहिलं!
आई बाहेर शेंगा सोलत होती.
गेलं ना, मग आता काय करायचं, म्हणाली,
आणि सोलत राहिली.
मी कपबशा दोन्ही हातांत धरून बघत होते.
दूध गेलं सगळं.
त्या दिवशी कळलं, आता मला दोन्हीकडे
कुणीतरी समजावून सांगावं लागणार.

तू ऐकून राहिलीस ना, मृण्मयी विचारते.
हे तिचं आपोआप येतं,
ती इथलीच, पाटनीपुऱ्याच्या शाळेतली.
हो गं, बोल.
तर म्हणते, डिसेंबरात मी येऊन राहिले.

बत्तीस वर्षं झाली, अर्थ मला पक्का ठाऊक आहे.
तरी मी ते मुद्दाम सांगलीच्या कानानं ऐकलं.
फोन चालू असतानाच
गादी गच्चीवर नेऊन उन्हात टाकली,
महिना ऑक्टोबर.

तिकीट एकोणीस दिवसांचं आहे,
हे तिनं फोन ठेवता ठेवता सांगितलं.
आण तुझा तो ससा, मी म्हटलं,
गराडूच्या दिवसांत इथेही पहाटे बोटं आखडतात.
आणि सॉरी म्हटलं. कशाबद्दल, तिनं विचारलं.
काही नाही गं, पोहे गार झाले.